टाके घालण्याआधी

सुरतेच्या गोडादऱ्यात महाराणा प्रताप चौकाकडून देवध रोडला वळलं की सकाळी लूमच्या पाळ्या बदलायच्या वेळेला रस्ता माणसांनी भरून जातो. रात्रपाळीचे कारीगर डोळे चोळत घरी येत असतात, दिवसपाळीचे डबा घेऊन निघालेले असतात. मला या गर्दीत सगळ्यात आधी पाय दिसतात. सत्तावीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून काढली, त्याची ही सवय. टाच टेकवताना कोण पाऊल बाहेर फिरवतो, जिना उतरताना कोण आडवा उतरतो, चहाच्या टपरीपाशी कोण सगळं वजन एकाच पायावर घेऊन उभा राहतो, हे नजरेतून सुटत नाही. घोट्याचं हाड मोडून जुळलेलं असेल आणि नीट जुळलेलं नसेल, तर माणूस असाच उभा राहतो.

माझं मूळ गाव अमळनेर तालुक्यात. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली अमळनेरपर्यंत पोहोचली, आणि त्या रुळांवरून खानदेशचा माणूस पोटासाठी सुरतेला येत राहिला. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर ही स्टेशनं आमच्या घरात पाढ्यासारखी पाठ होती. लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागात आजही गल्लीत अहिराणी कानावर पडते आणि कळण्याच्या भाकरीचा वास येतो. आमच्या अमळनेरची आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. या विप्रोने १९९० मध्ये जीईबरोबर वैद्यकीय यंत्रांचा धंदा सुरू केला. गावातल्या तुपाच्या कारखान्याचं नाव एक दिवस मी चालवत असलेल्या खोलीतल्या यंत्रांच्या कागदपत्रांवर दिसलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं होतं.

मी कामाला लागलो तेव्हा लहान नर्सिंग होममध्ये सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच पडद्यावर हाड दाखवणारं यंत्र, नव्हता. घोट्याचं ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना आत काय झालंय ते बघायचं असलं, तर निर्जंतुक कापडात गुंडाळलेली फिल्मची कॅसेट पायाखाली सरकवायची, पोर्टेबल मशीनने एक एक्स्पोजर द्यायचं आणि कॅसेट काखेत धरून डार्करूमकडे पळायचं. आत लाल दिवा. फिल्म हँगरला लावून डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये. पावसाळ्यात रसायनांचा वास कपड्यांत असा मुरायचा की घरी पोरं जवळ येत नसत. फिल्म वाळायला वेळ कुठला! ओली, ठिबकणारी फिल्म तशीच हँगरसकट ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारातून आत न्यायची आणि व्ह्यू बॉक्ससमोर धरायची. तोपर्यंत सर्जन हात छातीपाशी जोडून उभे. दहा-बारा मिनिटं जखम उघडी. दुसरी फिल्म मागितली तर आणखी दहा-बारा मिनिटं. म्हणून बहुतेक वेळा दुसरी मागितलीच जात नसे. एका ओल्या सावलीवर विश्वास ठेवून टाके घातले जात.

घोट्याच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास मला या एका क्षणाभोवती फिरताना दिसतो. टाके घालण्याआधी आतलं किती दिसलं?

मुळात माणसाने फार काळ काहीच न बघता हाडं जुळवली. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा आख्खा अध्याय आहे. हाड ओढून लांब करणं, दाबून जागेवर आणणं, तुकडे एकमेकांशी भिडवणं आणि बांधणं अशा चार क्रिया त्यात सांगितल्या आहेत. बांधायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या. थंडीच्या दिवसांत बंध सात दिवसांनी सोडायचा, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. उन्हाळ्याची मुदत कमी का, हे सुरतेच्या मे महिन्यात प्लास्टर घालून बसलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. आणि पाय मोडलेल्यासाठी 'कपाटशयन'. कपाट म्हणजे दाराची फळी. रुग्णाला फळीवर निजवायचं आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकायच्या.

हे वाचताना मला लंडनच्या पर्सिव्हल पॉटची गोष्ट आठवते. १७५६ साली हा नामांकित सर्जन घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. चरित्रकार सांगतात, की त्याने लोकांना स्वतःला उचलू दिलं नाही. थंडीत रस्त्यावर पडूनच त्याने एक दार विकत घेतलं, पालखीवाल्यांना बोलावून त्यांचे दांडे दाराला ठोकून घेतले आणि त्या दारावरून घरी गेला. पाय कापायची तयारी झाली होती, पण वाचला. पुढे त्याने हाडं मोडण्यावर पुस्तक लिहिलं आणि घोट्याच्या फ्रॅक्चरला जगभर 'पॉट्स फ्रॅक्चर' म्हणू लागले. सुश्रुताच्या दाराचा आणि पॉटच्या दाराचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मोडलेला पाय हलू द्यायचा नाही, आणि त्यासाठी घरात असलेली सर्वांत सपाट वस्तू म्हणजे दार, हे दोघांनाही कळलं होतं. लूमच्या खात्यावर (कारखान्यात) अपघात झाला की आमच्याकडेही माणसाला अजून प्लायवूडच्या फळीवर घालूनच आणतात.

हाडवैद्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. आमच्या मागच्या पिढीचे अर्धे हात-पाय त्यांनीच जुळवले. त्यांच्या बोटांना डोळे होते असं माझी आजी म्हणायची, आणि सरळ मोडलेल्या हाडाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण घोटा बोटांना फसवतो. तीन हाडांचा तो सांधा. नडगीचं मोठं हाड टिबिया आणि बाहेरच्या बाजूची बारीक फिब्युला, या दोघांनी मिळून एक खाच तयार होते. त्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं, सुताराच्या जोडात खाचेत कूस बसावी तसं. ओटीत आम्ही त्याला मॉर्टिस म्हणतो. टिबिया आणि फिब्युला एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दोरखंडांचं नाव सिंडेस्मोसिस. पाऊल बाहेर मुरगळलं आणि हे दोरखंड तुटले की खाच उसवते. वरून सूज इतकी असते की कुठलंही बोट तिथे पोहोचत नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये राँटगेनला ते किरण दिसले आणि डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताची हाडं काचेवर उतरवली. तिथून घोट्याला नवे अभ्यासक मिळाले. डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेनने कापलेले पाय वेगवेगळ्या दिशांना पिळून कुठली कलाटणी कुठलं हाड मोडते ते पाहिलं. बेल्जियमच्या डॅनिसने १९४९ मध्ये आणि स्विस वेबरने १९६६ मध्ये फिब्युला कुठे मोडली यावरून प्रकार पाडले. आजही कुठलाही रेसिडेंट फोनवर सांगतो, 'वेबर सी आहे, सी-आर्म तयार ठेवा.' १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ नावाचा गट स्थापन झाला आणि प्लेट-स्क्रूने हाड घट्ट बसवून लवकर हालचाल करायची पद्धत जगभर पसरली. आमच्या ट्रेमधल्या स्क्रूंची घडण त्याच परंपरेतली.

त्या काळात जिवंत हाड हलताना बघायचं तर अंधाऱ्या खोलीत चमकणाऱ्या पडद्याकडे टक लावून बघावं लागे. माझे पहिले साहेब सांगायचे, की त्यांच्या गुरूंच्या वेळी डॉक्टर स्क्रीनिंगआधी लाल काचांचा चष्मा घालून बसत, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी. मग इमेज इंटेन्सिफायर आला, तो पुसट उजेड हजारो पटींनी वाढवणारा. १९५५ साली फिलिप्सने तो इंग्रजी सी-सारख्या कमानीवर बसवला. एका टोकाला ट्यूब, दुसऱ्याला इंटेन्सिफायर, मध्ये माणूस. सुरतेत याला कोणी 'आयआयटीव्ही' म्हणतं, कोणी 'सी-आर्म'.

आमच्या हॉस्पिटलात सी-आर्म आला तेव्हा मी त्याला नारळ फोडला. पळापळ संपली. पेडल दाबलं की पडद्यावर हाड. समोरून एपी, बाजूने लॅटरल, आणि पाय पंधरा-वीस अंश आत फिरवून मॉर्टिस. मला वाटलं, आता आतलं सगळं दिसतं.

ते का खरं नव्हतं, हे मला एका माणसाने शिकवलं. त्याचं नाव सांगत नाही. शिरपूरकडचा, लूमचा कारीगर, आमच्याच पट्ट्यात राहणारा. ग्रे (कोऱ्या कापडाचा) ताका खांद्यावर घेऊन खात्याचा तेलकट दादर उतरताना पाय घसरला. घोटा तिन्ही बाजूंनी मोडला, दोरखंडही गेले. ऑपरेशन सुमारे दीड तास चाललं. सी-आर्म मी चालवत होतो. प्लेट बसली, सिंडेस्मोसिसचा स्क्रू गेला, मी तिन्ही चित्रं घेतली. सर्जन म्हणाले, 'मस्त.' मलाही मस्तच दिसलं. टाके घातले.

चार महिन्यांनी तो ओपीडीत आला. म्हणाला, "भाऊ, मना पाय आजून दुखी ऱ्हायना." एक्स-रे पुन्हा तेवढाच छान. शेवटी सीटी काढला. आडव्या कापात दिसलं, की फिब्युला आपल्या खाचेत पुढे सरकून, थोडी फिरून बसली होती. काही मिलिमीटर. दुसरं ऑपरेशन झालं, पण तोपर्यंत सांध्याची कूर्चा झिजायला लागली होती. त्याने लूम सोडले. बारा तास उभं राहणं त्याच्याच्याने होईना. सर्जनचा दोष नव्हता, त्यांनी समोर दिसलं त्यावरच ठरवलं. आणि समोर जे दिसलं, ते मी दाखवलं होतं. ती तीन चित्रं मी कितीतरी वेळा मनात पुन्हा काढली आहेत.

एक्स-रे ही सावली असते. पितळी वाटी भिंतीसमोर समोरून धरली तर गोल सावली, आडवी धरली तर पट्टी. वाटी मध्येच चेपलेली असेल तर दोन्ही सावल्यांत ते कळेलच असं नाही. फिब्युला बसते ती खाच नडगीच्या कडेला चंद्रकोरीसारखी असते. त्या कोरीत ती मागे-पुढे सरकली, स्वतःभोवती फिरली, तर समोरच्या सावलीत तिची रुंदी जवळजवळ तीच राहते. काकडी कापून चकती बघावी तसा आडवा काप मिळाल्याशिवाय खरं कळत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या गार्डनर आणि सहकाऱ्यांनी सिंडेस्मोसिस स्क्रूने बसवलेल्या २५ रुग्णांचे नंतर सीटी काढले. १३ जणांत बसणी चुकली होती. साध्या एक्स-रेत ६ जणांतच शंका येत होती. हा अभ्यास आमच्याकडच्या एका तरुण सर्जनने मला छापून दिला, आणि ओळीओळीने समजावला. वाचताना मला शिरपूरकर दिसत होता.

काही मिलिमीटरचं एवढं काय, असं नातेवाईक विचारतात. मला वाटतं प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर १९७६ चा रॅम्से आणि हॅमिल्टनचा प्रयोग लावावा. त्यांनी २३ मृत घोट्यांत काजळीचा वापर करून टॅलस आणि टिबिया कुठे कुठे टेकतात त्याचे ठसे घेतले. टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकवला, तर टेकण्याची जागा सरासरी ४२ टक्क्यांनी घटली. अख्ख्या शरीराचा भार जवळजवळ अर्ध्या जागेवर. ताका उचलणाऱ्या माणसाचा तर ताक्यासकट.

आडवा काप मिळवायची विद्या जगाला आधीच आली होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी घेतला. १९७९ मध्ये त्याला आणि ॲलन कॉर्मॅकला नोबेल मिळालं. पण सीटीचं यंत्र दुसऱ्या खोलीत, आणि रुग्ण तिथे जातो तो टाके घातल्यावर. चूक कळते ती शिवून झाल्यावर.

हे अंतर मिटवायचं काम या शतकाच्या सुरुवातीला सीमेन्सच्या 'सिरेमोबिल आयसो-सी थ्री-डी'ने केलं. त्यातली युक्ती मी टेक्निशियनच्या नजरेने सांगतो. साध्या सी-आर्मची कमान फिरवली की बघायची जागा पडद्याच्या मध्यातून निसटते, मग आम्ही मशीन ढकलत, उचलत राहतो. आयसो-सीची कमान अशी बांधली, की ती एका ठरावीक बिंदूभोवतीच फिरते. घोटा त्या बिंदूवर आणायचा, सगळ्यांनी मागे व्हायचं, आणि मोटर कमानीला १९० अंश फिरवते. वाटेत साधारण १०० चित्रं. एक-दोन मिनिटांत संगणक त्यांतून सुमारे १२ सेंटिमीटर बाजूचा एक घन रचतो. त्या घनाचे हवे तसे काप करता येतात. टाके घालण्याआधी, टेबलावरच, चंद्रकोर दिसते.

घोट्यासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर कुठे वापरलं गेलं ते बघितलं तेव्हा मी थांबलो. ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेनचं रुग्णालय. ते जर्मनीच्या कामगार अपघात विम्याचं रुग्णालय आहे. १८८४ साली जर्मनीत कायदा झाला, की कामावर मोडलेल्या माणसाचा खर्च मालकांच्या विमा संघांनी उचलायचा. उपचाराचा खर्चही त्यांचाच, आणि पाय अधू राहिला तर पुढचं पेन्शनही त्यांचंच. मग घोटा पहिल्याच वेळी नीट बसावा यात त्यांचाही फायदा. तिथल्या फ्रांके आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २५१ अस्थिर सिंडेस्मोसिसचा अनुभव छापला. साध्या सी-आर्मवर सर्जन समाधानी झाल्यावर थ्री-डी फेरी घेतली, आणि ८२ वेळा, म्हणजे जवळजवळ तिघांमागे एकदा, त्याच टेबलावर काहीतरी बदलावं लागलं. बहुतेकदा खाचेतली फिब्युला.

हे यंत्र कामगाराच्या पायासाठी वापरलं गेलं. एखाद्या खेळाडूसाठी किंवा श्रीमंतासाठीच ते असतं असं मी उगीच समजत होतो. आपल्याकडेही १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला, १९४८ साली ईएसआयचा (कामगार विम्याचा) कायदा झाला. पण खात्यावरच्या कितीतरी कारीगरांचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नसतं. पाय मोडला की शेठ पहिल्या दिवशी काही हजार देतो, पुढचं घरच्यांनी बघायचं. चुकीच्या बसलेल्या घोट्याची किंमत इथे ज्याचा घोटा तोच भरतो, आणि म्हणून तो घोटा टेबलावरच तपासायची घाई कुणालाच नसते. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

थ्री-डी म्हणजे रामबाण, असंही मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात थ्री-डी वापरूनही चुकीच्या बसणीचं प्रमाण फारसं कमी झालेलं दिसलं नाही. चित्र दिसणं आणि दिसल्यावर हाड जागेवर नेता येणं ही दोन कामं आहेत. किरणांचा डोसही जातो, आणि माझ्या लेड ॲप्रनच्या आतला, डोस मोजणारा टीएलडी बॅज मला ते विसरू देत नाही. भारतात हे तंत्र आलं ते मुख्यतः मणक्यासाठी. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या राजशेखरन यांनी २००७ मध्ये आयसो-सीच्या मदतीने मणक्यात घातलेल्या स्क्रूंची अचूकता मोजून दाखवली. मी स्वतः ती फिरणारी कमान मुंबईत एका प्रशिक्षणात पाहिली, तीही पाठीच्या ऑपरेशनमध्ये. घरी येताना गाडीत मला घोटाच आठवत होता.

आमच्या ओटीत अजून साधाच सी-आर्म आहे. पण शिरपूरकरानंतर आम्ही एक रीत पाडली. सर्जनच्या कानावर मी ती घातली आणि त्यांनी ती धरून ठेवली. मोडलेल्या पायाला हात लावायच्या आधी चांगल्या पायाची चित्रं घ्यायची. एपी, मॉर्टिस, आणि अगदी खरी लॅटरल, ज्यात टॅलसचे दोन्ही घुमट एकावर एक बसतात. ती डाव्या पडद्यावर ठेवायची. प्रत्येक माणसाची खाच वेगळी, पण त्याचा एक पाय दुसऱ्याचा साक्षीदार असतो. लॅटरलवर फिब्युला टिबियाच्या नक्की कुठे पडते हे दोन्हीकडे मोजायचं. शंका राहिली तर जखम थोडी वाढवून पुढून डोळ्यांनी खाच बघायची. जास्तीची दहा मिनिटं. ओल्या फिल्मच्या काळात एवढाच वेळ एका चित्राला लागत होता.

गेल्या आठवड्यात परवत पाटियाजवळ बाईक घसरून पडलेली एक मुलगी आली, उजवा घोटा. टेबलावर भूल देणं चालू होतं, नर्स उजवा पाय जंतुनाशकाने रंगवायला घेत होत्या. मी मशीन डावीकडे ओढलं, ब्रेक लावला आणि सर्जनना विचारलं, "साहेब, आधी डावा घेऊ ना?"